सात नंबरचं जाकीट

केरीच्या पोसऱ्यावर, म्हणजे वाण्याच्या दुकानावर, गूळ आणि चहापूड आणायला लाइफ जाकीट घालून येणारा माणूस तुम्ही पाहिला नसणार. मी त्याच्या घरात तीन वर्षं भाड्याने राहिलो. त्या तीन वर्षांत मी त्याला जेवढा हसलो, तेवढा जन्मात कोणाला हसलो नाही. आता ते हसू माझ्यावरच उलटलं आहे. मांडवीत बोटीत बसायचं झालं की घरातली पोरं माझ्यापासून चार हात लांब उभी राहतात, कारण मी धक्क्यावरच सगळ्यांच्या जाकिटांचे पट्टे ओढून बघायला लागतो. ओळखीचं नसलेलं माणूससुद्धा सोडत नाही. करावं तसं भरावं म्हणतात, ते हेच.

गाव त्यांना तांडेल म्हणायचं. डिचोलीच्या नदीतून मुरगांव बंदरात खनिज नेणाऱ्या बार्जीवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली, शेवटी तांडेल म्हणजे खलाशांचे मुकादम झाले, आणि निवृत्त होऊन आपल्या गावी केरीला परतले. परतताना माणसं भांडीकुंडी आणतात, यांनी अकरा जुनी जाकिटं आणली. बार्जीवर नवी आली म्हणून जुनी टाकून देणार होते, ती यांनी मागून घेतली. शेंदरी कापड उन्हाने फिकटलेलं, आत सावरीचा कापूस, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने काढलेला मोठा आकडा. मग एक होडी घेतली, तिला इंजिन बसवलं आणि हौशी माणसांना नदीतून तेरेखोलपर्यंत फिरवून आणायचा धंदा सुरू केला. धंदा म्हणायचं आपलं. अर्धी गिऱ्हाइकं त्यांचा उपदेश ऐकूनच परत जायची.

गोवा राज्य झालं त्या सुमाराला मी केरीच्या सरकारी मराठी शाळेत मास्तर म्हणून लागलो. मी मूळचा डिचोलीचा. आमच्याकडे पाणी म्हणजे खनिजाच्या ट्रकांची धूळ बसावी म्हणून रस्त्यावर मारायची वस्तू. पोहण्याशी माझा संबंध देवळाच्या तळीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत. पण खोली बघायला गेलो तेव्हा तांडेलांनी पहिलाच प्रश्न टाकला, पोहता येतं का. आणि मी, नवीन नोकरीचा, कडक इस्त्रीची पँट घातलेला, म्हणालो, येतं की. खोली मिळाली. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्या दोन शब्दांत आहे.

खोली चांगली होती. जनेलातून सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे नदीचं मुख दिसायचं. फक्त एका भिंतीवर ओळीने अकरा खिळे होते आणि अकरा खिळ्यांवर ती अकरा जाकिटं. घरातली तेवढीच भिंत पावसाळ्यातही कोरडी राहायची, म्हणून ती तिथेच राहणार, असं तांडेलांनी बजावलं. त्यांच्यावर बसायचं नाही, निजायचं नाही, ओले कपडे टाकायचे नाहीत. सावरीचा कापूस एकदा दबला की मेला, तो परत फुगत नाही, माणूस बसून बसून जाकीट मारतो आणि मग जाकीट त्याला मारतं, हे त्यांचं रोजचं पुराण. एक वाक्य तर मी पहिल्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकलं की वर्गात फळ्यावर सुविचार म्हणून लिहायच्या बेतात होतो. "आंगार आसा तर जाकीट. खुंटयेक आसा तर कापूस."

म्हणूनच ते घरून निघतानाच सोप्यावर जाकीट घालायचे आणि परत येऊन चहा झाल्यावर काढायचे. मध्ये पोसरो लागला तर पोसऱ्यावर जाकीट, न्हाव्याकडे गेले तर न्हाव्याकडे जाकीट. सरकारी फेरीबोटीतून पाच मिनिटांत पलीकडे जायचं असलं तरी जाकीट. फेरीवरचे खलाशी खो खो हसायचे. तांडेल त्यांच्याकडे बघून मान हलवायचे, जशी मी नापास होणाऱ्या पोरांकडे बघून हलवायचो.

होडीत बसण्याआधी गिऱ्हाइकांचं कीर्तन व्हायचं. सगळ्यांना वाळूत बसवायचे आणि एकेक वस्तू हातात घेऊन दाखवायचे. हा दोर, हा नांगर, हे जादा वल्हं, हा पाणी उपसायचा डबा. उभं राहायचं नाही, एका बाजूला सगळ्यांनी झुकायचं नाही. कोणी पडलं तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. उडी मारणारा एकाच्या जागी दोघांना घालवतो. हात पोचतो तर वल्हं पुढे करा, नाही पोचत तर दोर टाका. मग जाकिटांची वाटणी, आणि मग त्यांची ती प्रसिद्ध परीक्षा. माणसाने पट्टे आवळून घेतले की तांडेल मागून त्याची दोन्ही खांद्यांकडची जाकिटाची टोकं धरून वर उचलायचे. जाकीट कानापर्यंत सरकलं तर पट्टे सैल, पुन्हा आवळा. माणूसच टाचांवर उचलला गेला तर पास. केस वाढवलेले विलायती लोक, मुंबईची नवरा-नवरी, पूजेला निघालेले भटजी, कोणालाही सूट नव्हती. फेणी घेतलेल्याला मात्र जाकीटसुद्धा मिळायचं नाही. तांडेल तोंडाचा वास घ्यायचे आणि त्याला सुरूच्या सावलीत बसवून ठेवायचे. मी शाळा सुटल्यावर ही गंमत बघायला मुद्दाम जायचो आणि शिक्षक-खोलीत त्याची नक्कल करून दाखवायचो. हेडमास्तर हसून हसून डोळे पुसायचे. नक्कल मला बरी जमायची, बाकी काही जमत नव्हतं.

मोजणी हा आणखी एक प्रकार. निघताना माणसं मोजायची, नदीच्या मध्यावर मोजायची, काठाला लागताना मोजायची. एकदा तेरेखोलहून परतताना मध्यावर मोजणीत एक माणूस जास्त भरला. कमी नाही, जास्त. कोणीतरी फेरी चुकलेला गृहस्थ गुपचूप येऊन बसला होता, अंगात जाकीट नव्हतं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आला तर आला. तांडेलांनी भर नदीत होडी वळवली, त्याला तेरेखोलला नेऊन उतरवलं आणि मग पुन्हा केरीचा रस्ता धरला. उतरवलेला माणूस निघाला काकींचा, म्हणजे तांडेलांच्या बायकोचा, चुलतभाऊ. काकी आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

तशा त्या नारळी पौर्णिमेलाही बोलायच्या नाहीत. त्या दिवशी गाव नदीला नारळ वाहायला जायचं आणि तांडेल जाकिटांची वार्षिक परीक्षा घ्यायचे. प्रत्येक जाकिटाला एकेक जड वजन बांधून उथळ पाण्यात सोडायचे आणि काठावर स्टूल टाकून घड्याळ घेऊन दिवसभर बसायचे. जाकीट खोल बसलं की नापास. वजनं कसली, तर काकींच्या रगड्याचा दगड आणि आळीतल्या दहा घरांचे वरवंटे. वर्षातला तो एक दिवस, घराघरात नारळाचा सडा पडलेला, आणि वाटायला कोणाकडे वरवंटा नाही. बायका काकींना बोलायच्या, काकी तांडेलांना. तांडेल घड्याळाकडे बघत म्हणायचे, चटणी उद्या होईल.

त्या वर्षांत भाषेचा वाद जोरात होता. मराठी की कोंकणी, यावर फेरीच्या धक्क्यावर सकाळ-संध्याकाळ हमरीतुमरी. मी मराठीचा मास्तर, म्हणून एका बाजूला हटकून सापडायचो. एका संध्याकाळी मी फारच रंगात आलो होतो. तांडेल जाकिटाच्या पट्ट्यांना म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या शिट्या बांधत बसले होते. त्यांनी मला थांबवून विचारलं, "मास्तर, बुडतना मनीस कंचे भाशेन बोवाळता?" मग त्यांनीच सांगितलं की नाकातोंडात पाणी गेलेला माणूस कुठल्याच भाषेत बोलत नाही, म्हणून ही शिट्टी. दोन्ही पक्ष हसले आणि सभा मोडली. मला तेव्हा तो पोरकटपणा वाटला.

मराठीचा मास्तर असल्यामुळे मला आणखी एक खोड होती. अशा विचित्र वागण्यामागे काहीतरी दुःखद गोष्ट असणारच, अशी माझी खात्री. बुडालेला भाऊ, वाहून गेलेला मुलगा, निदान बार्जीवरचा एखादा जिवलग मित्र. मी त्या गोष्टीवर लेख लिहून दिवाळी अंकाला पाठवायचं ठरवून बसलो होतो, शीर्षकही तयार होतं. एका रविवारी सोप्यावर चहा घेताना मी आवाज खाली आणून, डोळ्यांत जमेल तेवढी सहानुभूती आणून विचारलं की तुमच्या बार्जीवरचं कोण बुडालं होतं. तांडेलांनी उंडो, म्हणजे गोल पाव, चहात बुडवला आणि खाल्ला.

"कोण बुडलो ना," ते म्हणाले. "म्हणून तर."

मला खरं सांगायचं तर राग आला. एवढं जाकीट घालून हिंडायचं आणि मेलं कोणीच नाही. माझा लेख गेला.

आता उशीचं सांगायला हवं. चतुर्थीला मी डिचोलीला घरी गेलो, जाताना माझी उशी अभ्रा धुवायला म्हणून बरोबर नेली आणि येताना विसरलो. पुढे घरी गेलो की उशी आणू, असं म्हणत राहिलो. तोवर मान अवघडायची. भिंतीवर अकरा सावरीच्या उश्या लटकत होत्या. त्यांतलं सात नंबरचं सगळ्यात लहान, अगदी उशीच्या मापाचं. तांडेल पहाटे नदीवर जाताना खोलीचं दार वाजवून हवी तेवढी जाकिटं मागायचे, मी ती आतून द्यायचो, आणि सात नंबर लहान म्हणून सहसा मागितलं जायचं नाही. म्हणजे सगळी सोय देवानेच केलेली. मी सात नंबरवर निजायला लागलो.

ते थोडं उंच व्हायचं. म्हणून मी काखेकडची शिवण उसवली आणि दोन मुठी कापूस काढला. मग उंची बरोब्बर झाली. शिवण परत घातली, हातभर लांबीचे टाके घालून. कापूस टाकवेना, इतका मऊ आणि पांढरा. त्याच सुमाराला मी म्हापशाहून नवे काळे बूट आणले होते. घाईत एक नंबर मोठे घेतले होते, चालताना फटक फटक वाजायचे. एक मूठ उजव्या बुटाच्या टोकात भरली, एक डाव्या. बूट असे बसले की काय सांगू. त्या दिवशी मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी आरशात बघून हसलो.

नवे बूट घेण्याचं कारण होतं. फोंड्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगीही शिक्षिका होती. आमच्यात मुलाने मुलीकडे जायचं, पण मुलीचे वडील म्हणाले की मुलगी कुठे नांदणार ते गाव मी आधी बघेन. तुळशीचं लग्न झालं की येतो, असं त्यांचं पत्र आलं. उत्तरात मी केरीचं वर्णन दोन पानं केलं आणि शेवटी, काही गरज नसताना, लिहिलं की आपण सर्वांनी नौकाविहार करू, मी रोज नदीत पोहतो. हात मोडला असता तर बरं झालं असतं.

आले तिघं. मुलगी, वडील आणि आत्या. पोहे झाले, शाळा दाखवून झाली, आणि मग नौकाविहार. मी आदल्या दिवशीच तांडेलांच्या हातापाया पडलो होतो की उद्या एक दिवस ती जाकिटं नकोत. वडील फोटोचं यंत्र घेऊन येणार आहेत, फोटोत मुलगी शेंदरी गाठोड्यासारखी दिसेल, माझं लग्न मोडेल. तांडेल म्हणाले की जाकीट नसलं तर होडी नाही, हवं तर किनाऱ्यावर फिरवा त्यांना. मग मी नाद सोडला. मला वाटलं, रोजचीच कटकट, दुसरं काय. सात नंबरचा विचारच माझ्या डोक्यात नव्हता.

वाळूत कीर्तन झालं. तांडेलांनी होणाऱ्या सासऱ्यांना खांद्याला धरून टाचांवर उचललं. सासरे पास झाले. आत्यांना नऊ नंबर दिलं, सगळ्यात मोठं. मला चार. आणि मुलगी बारीक चणीची होती, म्हणून तांडेलांनी खोलीतून आणलेल्या अकराही जाकिटांच्या ढिगातून अचूक सात नंबर काढलं आणि तिच्या हातात दिलं.

तिने ते अंगात घातलं, पट्टे आवळून पासही झाली, पण काखेखाली माझे ते हातभर टाके मला तेवढे दिसत होते. दोन-अडीच महिने माझ्या डोक्याखाली दबलेलं, दोन मुठी कमी असलेलं जाकीट घालून ती होडीत चढत होती. एवढंच म्हणायचं होतं, की ते नको, ते खराब झालंय. मग तांडेल विचारणार कसं, आणि मला सांगावं लागणार की मी त्याची उशी केली, कापूस काढला, आणि तो ह्या क्षणी माझ्या बुटात आहे. होणाऱ्या सासऱ्यांच्या समोर. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, चला, निघू या. असा मी.

होडी निघाली. ओहोटी लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. सासरे फोटो काढत होते. आत्या मला विचारत होत्या की पगार वेळेवर होतो का, आणि मी हो हो म्हणत होतो. मुलगी तांडेलांना शिट्टी कशासाठी, दोर किती लांब, असं नीट विचारत होती आणि तांडेल इतके खूश की तेही नीट उत्तरं देत होते. मी फक्त ते टाके बघत होतो. काही होणार नाही, मी मनात म्हणायचो. रोज होडी जाते, रोज परत येते. मग नदीच्या मुखाशी फुटणाऱ्या लाटा दिसायच्या आणि मला वाटायचं की ही पोर आत्ता पाण्यात पडली तर बुडेल आणि ते फक्त मला माहीत आहे. तिचं नावसुद्धा मी अजून तोंडाने उच्चारलं नव्हतं.

मध्यावर तांडेलांनी मोजणी केली. एक, दोन, तीन, चार, पाच. तीन म्हणताना त्यांचं बोट तिच्याकडे गेलं आणि मला राहवेना.

"तुमचं जाकीट मला द्या," मी तिला म्हणालो. "माझं तुम्ही घाला."

मी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तिने विचारलं, का. मी म्हणालो, ते मळलंय. तांडेल मागून ओरडले की चालत्या होडीत कोणी जाकीट काढायचं नाही. पण मी माझं काढलंसुद्धा होतं. ते तिच्यापुढे धरून बसलो, घ्या, घ्या म्हणत. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. काय दिसलं तिला देव जाणे, तिने पटकन सात नंबर काढून मला दिलं आणि चार नंबर चढवलं. तिचे पट्टे बांधून होईपर्यंत मी बघत राहिलो. मग सात नंबर अंगात घालून वरचा पट्टा बांधला, आणि खालचा सापडेना म्हणून जरासा उठलो. उभं राहायचं नाही, हे मी त्या माणसाच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा त्याची नक्कल केली होती. तेवढ्यात फेरीच्या लाटेने होडी हलली आणि मी पाठीवर पाण्यात पडलो.

बुडणं कसं असतं हे लोक फार चांगलं लिहितात. मला एवढंच आठवतं की नाकात खारं पाणी गेलं आणि मी आईला हाक मारायला तोंड उघडलं तर त्यातही पाणी गेलं. जाकीट मला वर ढकलायचं, पण नाकापर्यंत. नाक वर, तोंड आत. पुन्हा नाकही आत. शिट्टी गळ्यात होती, तिची आठवणसुद्धा झाली नाही. आणि डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, माझा उजवा बूट पायातून निघून होडीसारखा ऐटीत तरंगत चालला होता. मी बुडत होतो आणि बूट तरंगत होता. आमच्या दोघांत सावरी त्याच्याकडे होती.

तांडेलांनी उडी मारली नाही. ते मारणारच नव्हते. त्यांनी इंजिन बंद केलं, लांब काठीचा आकडा जाकिटाच्या खांद्यात अडकवला, जवळ ओढलं आणि मग दोन्ही खांद्यांना धरून, रोज गिऱ्हाइकांना उचलायचे तसं, मला वर उचललं. जाकीट कानावरून सरकून डोक्यातून निघायला आलं. त्यांनी केसांना धरलं. मी होडीत येऊन पडलो आणि ओकलो, तेही आत्यांच्या पायांवर.

मुलीने बोट दाखवलं, तो बूट. तांडेलांनी तो आकड्याने ओढून घेतला, पालथा करून पाणी झटकलं, आणि आत बोट घातलं. टोकातून सावरीचा ओला पुंजका बाहेर आला. त्यांनी पुंजक्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या काखेखालचे टाके बघितले. मी डोळे मिटून घेतले, आता संपलं सगळं. उघडले, तर पुंजका त्यांच्या मुठीत होता आणि मूठ खिशात चालली होती. सासरे विचारत होते की ह्यांना पोहता येतं ना, पत्रात तर लिहिलं होतं.

तांडेल म्हणाले, "मास्तराक पेंवूंक येता. पूण बुटां घालून कोणाकच येना."

तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकुलतं एक खोटं. ते माझ्यासाठी होतं.

पाहुणे गेल्यावर मी सोप्यावर जाऊन उभा राहिलो. खोली सोडायला सांगतील, गावभर करतील, सगळं ऐकायची तयारी होती. ते सात नंबर उसवत बसले होते. एवढंच विचारलं, "सुटतना सांगूंक कितें जालें तुका?" आजवर मला ते तुमी म्हणत आले होते. मी म्हणालो, निघताना सांगायची लाज वाटली. त्यांनी मान वर केली नाही.

"लज पयलीं बुडयता रे. उदक मागीर."

तिथे उभा राहून मी रडलो. मोठा माणूस, मराठीचा मास्तर, एका पायात बूट नाही. काकींनी चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. जाकिटं तांडेलांनी माझ्या खोलीतून हलवली नाहीत. मला वाटलं होतं हलवतील. फक्त सातवा खिळा रिकामा राहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे त्यांनी मला काठाशी गुडघाभर पाण्यात उभं करून पोहायला शिकवायला सुरुवात केली. मे महिन्यापर्यंत मला येईल तेवढं आलं. लोक बघायला जमायचे, हेडमास्तर धरून. नक्कल आता त्यांना जमायला लागली होती.

त्या नौकाविहारानंतर आठ दिवसांनीच फोंड्याहून होकार आला होता. पत्रात सासऱ्यांनी लिहिलं होतं की भर नदीत स्वतःचं जाकीट काढून आमच्या मुलीला देणारा मुलगा आम्हाला शोधून मिळाला नसता. ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिहून कळवावं, असं दहा वेळा मनात आलं. पण मुलगी मनात भरली होती. नाही लिहिलं.

लग्नाला तांडेल फोंड्याला आले, जाकीट न घालता, हे त्यांच्या दृष्टीने मोठाच आहेर. शिवाय कागदात बांधलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी माझ्या हातात न देता बायकोच्या हातात दिलं आणि तिच्याशी दोन मिनिटं काही बोलले. घरी येऊन सोडलं तर उशी. सावरीची, अभ्रा पांढरा, आणि त्याच्या एका कोपऱ्यात सातचा आकडा काढलेला, जाकिटावर होता तसाच. मला वाटलं, जन्मभराचा टोमणा मारला. त्या उशीवर मी कधी डोकं टेकलं नाही. बायको निजायची.

पुढे माझी बदली डिचोलीला झाली, संसार झाला, मुलं झाली. लग्नकार्यात बायको ती गोष्ट सांगायची, यांनी मला आपलं जाकीट दिलं आणि स्वतः बुडता बुडता वाचले. लोक कौतुकाने बघायचे. मी चप्पल शोधायला उठायचो.

पंचवीसेक वर्षांनी तांडेल गेले. अंथरुणावर, सकाळची पेज घेऊन झाल्यावर. आम्ही दोघं केरीला जाऊन आलो. माझ्या जुन्या खोलीत दहा जाकिटं ओळीने लटकत होती, सातवा खिळा तसाच रिकामा. काकी म्हणाल्या की एवढी वर्षं होडी चालवली, पण एकदाही माणूस कमी भरला नाही. हे सांगताना त्या रडत होत्या आणि त्यांना त्या माणसाचा किती अभिमान होता ते मला पहिल्यांदा दिसलं. त्याच माणसाला आम्ही जन्मभर हसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी बायकोला सगळं सांगितलं. पोहता येत नव्हतं इथपासून. उशी, दोन मुठी कापूस, बूट, आणि काठापासून मध्यापर्यंत मी कसा गप्प बसलो ते. तू त्या वेळी पडली असतीस तर गेली असतीस आणि मला ते माहीत होतं, हेही सांगितलं. ती बडीशेप निवडत होती, निवडत राहिली.

"बुटातला कापूस मी बघितला होता," ती म्हणाली. "मी समोरच बसले होते."

मी विचारलं, मग लग्न का केलंस. ती म्हणाली की मध्यावर का होईना, दिलंत ना. आणि मग इतक्या वर्षांत बोलली का नाही, तर तांडेलांनी लग्नात तिला सांगून ठेवलं होतं म्हणून. काय सांगितलं ते तिने त्यांच्याच शब्दांत म्हणून दाखवलं.

"हे उशयेंत एक मूठ उणी आसा, बाय. ती मास्तराकडेन आसा. मागूं नाका. वेळ लायतलो, पूण दितलो."

वेळ लावीन पण देईन, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढलो. ते बूट मी नंतर कधी घातले नव्हते आणि टाकलेही नव्हते, का ते विचारू नका. खोक्यात होते, मिठाने वाळून कडक झालेले. डाव्याच्या टोकात बोट घातलं. कापूस तिथेच होता, पिवळट, पण हातात घेतल्यावर अजून मऊ. खाली आलो आणि तिच्यापुढे धरला. तिने उशीची कोपऱ्यातली शिवण उसवली, कापूस आत सारला, हाताने थापून सारखा केला.

सुईत दोरा ओवून मी पुढे झालो. तिने माझ्या हातातून सुई काढून घेतली.

"तुमचे टाके नकोत," ती म्हणाली.